‘पय रे पय!’ : न कळणाऱ्या भाषेतला सिनेमा गावाला कसा कळला

१९८८-८९च्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात तान्ह्या पोळ्याच्या रात्री वर्गणी काढून व्हिडिओ आणण्याची पद्धत होती. तालुक्याच्या ठिकाणाहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर बैलगाडीतून, कुटाराच्या पोत्यांमध्ये दाबून आणले जात. मारुतीच्या पारावर ते मांडले जात आणि दिवसभर लाकडी नंदीबैल मिरवून दमलेली पोरे, त्यांचे आईबाप, सालदार, दुकानदार असे सगळे जण पटांगणात पोती अंथरून बसत. रात्रभरात तीन कॅसेट दाखवायच्या, असे ठरलेले असे. त्या वर्षी दोन हिंदी चित्रपटांनंतर तिसरी कॅसेट लावली, तर ती इंग्रजी निघाली. पटांगणात इंग्रजी समजणारा एकही माणूस नव्हता, परंतु पैसे भरून झालेले असल्यामुळे कोणी उठले नाही. थोड्याच वेळात गुहेच्या उतारावरून घरंगळत येणारा एक प्रचंड गोल दगड पडद्यावर आला आणि पुढे बसलेले, सत्तरी ओलांडलेले एक आजोबा काठी टेकत उभे राहून ओरडले, “पय रे पय! पय बाप्पा!” पय म्हणजे पळ.

तो चित्रपट म्हणजे १९८१ साली प्रदर्शित झालेला ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’. डोक्यावर कडा असलेली हॅट, अंगात मळकट चामडी जॅकेट आणि कमरेला आसूड अशा वेशातला इंडियाना जोन्स हा पुरातत्त्वाचा प्राध्यापक याच चित्रपटातून पडद्यावर आला. त्यानंतर १९८४, १९८९, २००८ आणि २०२३ या वर्षी या मालिकेचे आणखी चार चित्रपट आले. पाचही चित्रपटांत नायकाची भूमिका हॅरिसन फोर्ड यांनी केली आणि पाचही चित्रपटांना संगीत जॉन विल्यम्स यांनी दिले. पहिले चार स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी दिग्दर्शित केले, पाचवा जेम्स मॅनगोल्ड यांनी. एवढी माहिती कोठेही मिळते. मला ज्या प्रश्नाने इतकी वर्षे सोडलेले नाही तो वेगळा आहे. ज्या माणसाला नायकाचे नाव माहीत नव्हते, तो कोणत्या देशात आहे आणि त्या गुहेत कशासाठी शिरला आहे हेही ज्याला कोणी सांगितले नव्हते, त्या माणसाला त्याचा जीव वाचावा असे इतक्या तळमळीने का वाटले?

माझ्या मते याचे कारण असे की या चित्रपटांत, निदान त्यांतल्या चांगल्या चित्रपटांत, प्रत्येक संकटाचा हिशेब प्रेक्षकाच्या हाती दिलेला असतो. किती अंतर आहे, किती वजन आहे, दोर कोठे बांधला आहे, तो कितपत टिकेल, हे सारे डोळ्यांना आधी दाखवले जाते आणि मगच संकट कोसळते. पटांगणात बसलेल्या लोकांना इंग्रजी येत नव्हते, पण हिशेब येत होता.

दगडाच्या आधीचा प्रसंग पाहिला म्हणजे हे स्पष्ट होईल. नायक पेरूच्या जंगलातल्या एका पडक्या मंदिरात चौथऱ्यासमोर उभा आहे. चौथऱ्यावर सोन्याची लहानशी मूर्ती आहे. ती नुसती उचलली तर वजन कमी झाल्याचे यंत्रणेला कळेल आणि सापळा सुटेल, म्हणून त्याने वाळूची पिशवी बरोबर आणली आहे. तो मूर्तीकडे पाहतो, पिशवी हातावर तोलतो, हनुवटी चोळतो, पिशवीतली थोडी वाळू खाली सोडतो, पुन्हा तोलतो, आणि मग एका झटक्यात मूर्ती उचलून तिच्या जागी पिशवी ठेवतो. या सबंध क्रियेत एक शब्दही नाही. आमच्याकडे तेलाची बरणी तराजूत घालण्याआधी दुकानदार दुसऱ्या पारड्यात दगडगोटे टाकून धडा करतो, तसाच हा धडा आहे, हे पटांगणातल्या प्रत्येकाला तत्काळ उमगले. कापसाच्या काट्यावर ज्यांची उभी हयात गेली, त्यांना वजन हा काय प्रकार असतो हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. म्हणूनच क्षणभर सारे ठीक वाटून नायक हसला आणि पुढच्याच क्षणी चौथरा खाली दबू लागला, तेव्हा माझ्या शेजारी बसलेले काका पुटपुटले, “रेती जास्त सांडली त्यानं.” त्यांचे म्हणणे बरोबर होते की नाही, यावर मी नंतर बराच विचार केला आहे, ओंजळभर रेती काढल्यावरही पिशवी सोन्याच्या बरोबरीची कशी व्हावी, हा प्रश्न उरतोच. महत्त्वाचे हे की काका नायकाच्या चुकीचे माप काढत होते. चित्रपटाने त्यांना प्रेक्षकाच्या जागेवरून उठवून चौथऱ्याजवळ नेऊन उभे केले होते.

त्याच चित्रपटात पुढे याहून अवघड हिशेब येतो, आणि तेथे तर आम्हाला एक शब्दही फुकटात मिळाला. इजिप्तमध्ये वाळूखाली गाडल्या गेलेल्या नगरात एक पेटी शोधायची आहे. यहुदी परंपरेनुसार देवाच्या दहा आज्ञा कोरलेल्या शिळा तीत ठेवलेल्या होत्या. ती कोठे पुरली आहे हे कळण्यासाठी ठरावीक उंचीच्या काठीवर एक धातूची चकती बसवायची, ठरावीक वेळी काठी ठरावीक खाचेत उभी करायची, म्हणजे चकतीच्या मध्यभागी असलेल्या स्फटिकातून गेलेला सूर्यकिरण नगराच्या जमिनीवरील नकाशात योग्य जागी पडतो. काठीची उंची चकतीवर कोरलेली आहे आणि ती एक वृद्ध इजिप्शियन मनुष्य वाचून दाखवतो: सहा ‘कदम’. कदम हा अरबी शब्द मराठीत केव्हाचा रुळलेला असल्यामुळे पटांगणात एकदम हालचाल झाली, कारण इतक्या वेळात प्रथमच पडद्यावरचे काही तरी कानांनी कळले होते. मग तो वृद्ध चकती उलटी करतो. मागच्या बाजूस लिहिलेले असते की त्यातून एक कदम वजा करावे. शत्रूजवळ, म्हणजे नाझींजवळ, चकतीच्या एकाच बाजूची नक्कल आहे, त्यामुळे त्यांची काठी एका कदमाने लांब झाली आहे आणि ते चुकीच्या जागी खोदत आहेत. शेताच्या मोजणीत साखळी एक कडी चुकली की धुरा, म्हणजे बांध, शेजाऱ्याच्या वावरात जातो, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना हा विनोद इतरांपेक्षा जास्त कळतो, असे मला वाटते.

चित्रपटाविषयी लिहिणारे पुष्कळ लोक ‘थरार’ हा शब्द सरसकट वापरतात. त्याखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात. अंधारातून कोणी तरी अचानक अंगावर आले म्हणजे दचकायला होते. तो धक्का एकदाच बसतो, दुसऱ्यांदा पाहताना तो उरत नाही. याउलट, विहिरीत मोटेच्या नाड्याला धरून माणूस लोंबकळतो आहे आणि वर नाड्याचा एकेक पीळ तुटतो आहे, हे आपल्याला दिसते पण त्याला दिसत नाही, तेव्हा जी टांगणी लागते ती दहाव्यांदा पाहतानाही लागते, कारण तिचे मूळ अज्ञानात नसून माहितीत असते. इंडियाना जोन्सच्या चित्रपटांत धक्के आहेत, पण ते चिमूटभर आहेत. टांगणी मात्र पसाभर आहे. हे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटतात ते यामुळे. दंडार किंवा झाडीपट्टीतले रात्रभराचे नाटक पाहायला बसलेल्या माणसाला खलनायक कोठून येणार हे ठाऊक असते आणि तरीही तो दरवर्षी थंडीत कांबळे पांघरून बसतो. त्याला काय घडणार यापेक्षा कसे घडणार याची ओढ असते.

ही पद्धत स्पिलबर्ग आणि त्यांचे मित्र, मालिकेचे कथाकार व निर्माते जॉर्ज लुकस यांनी शून्यातून निर्माण केलेली नाही, आणि तसा त्यांचा दावाही कधी नव्हता. १९७७ साली हवाई बेटावर सुट्टीत असताना स्पिलबर्ग यांनी आपल्याला जेम्स बाँडचा चित्रपट करायची इच्छा आहे असे म्हटले, तेव्हा लुकस यांनी आपल्याजवळ त्याहून चांगली कल्पना आहे असे सांगून या नायकाची गोष्ट ऐकवली. नायकाचे नाव तेव्हा इंडियाना स्मिथ होते. ‘इंडियाना’ हे लुकस यांच्या कुत्र्याचे नाव. स्मिथचे जोन्स नंतर झाले. लुकस यांना बालपणी पाहिलेल्या जुन्या साप्ताहिक मालिकापटांची आठवण होती. १९३० आणि ४०च्या दशकांत अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांचा एक भाग दाखवत असत आणि प्रत्येक भागाच्या शेवटी नायक कड्यावरून कोसळत असे किंवा आगीत सापडलेला असे, म्हणजे पुढच्या आठवड्यात पोरे पुन्हा तिकीट काढीत. ‘रेडर्स’मध्ये अशा दहा-बारा भागांचे कडे एकामागोमाग एकाच चित्रपटात उभे केलेले आहेत. एका संकटातून सुटका होते ती सरळ दुसऱ्या संकटात.

हा वारसा केवळ अमेरिकेचा समजण्याचे कारण नाही. जमशेद व होमी या वाडिया बंधूंच्या मुंबईतल्या वाडिया मूव्हीटोनने १९३५ साली ‘हंटरवाली’ काढला, त्यात नादियाने हातात हंटर घेऊन दुष्टांना झोडपले, आणि पुढच्याच वर्षी ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये तिने धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी केली. नादियाचे मूळ नाव मेरी इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातला, आणि साहसदृश्ये ती स्वतःच करी. ‘रेडर्स’ची कथा १९३६ साली घडते. म्हणजे काल्पनिक जोन्स पडद्यावरच्या जगात आसूड फिरवीत होता, त्याच सुमारास आपल्याकडे खरीखुरी नादिया तंबूतल्या सिनेमात हंटर फिरवीत होती. पटांगणात ओरडलेल्या त्या आजोबांनी तरुणपणी कोणत्या तरी जत्रेत तंबूखाली असे ‘फायटिंगचे’ चित्रपट पाहिले होते, असे ते सांगत. मग १९८८ साली त्यांना ती इंग्रजी कॅसेट परकी का वाटावी? ती त्यांच्या तरुणपणातून आलेली होती.

आसुडाविषयी येथे थोडे विषयांतर करतो, कारण शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या माणसाला तो मोह आवरत नाही. आसूड कडाडतो तो कशावर आपटल्यामुळे नव्हे. मुठीकडे तो जाड आणि टोकाकडे बारीक असतो. हाताने दिलेला जोर पुढेपुढे सरकत जातो तसतसा तो कमी कमी वजनाच्या भागाला मिळतो, त्यामुळे वेग वाढत जातो आणि अखेर टोकाच्या धाग्याचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा, अधिक होतो. तो कडाड म्हणजे हवेत उठलेला लहानसा स्फोटच असतो. बैलाच्या अंगाला स्पर्श न करता नुसत्या आवाजाने बैल हाकणारा गाडीवान चांगला, असे आमच्याकडे म्हणत. जोन्सही आसूड मारण्यासाठी क्वचितच वापरतो; तो त्याला दोर म्हणून, फांदीला गुंडाळून दरी ओलांडण्यासाठी, किंवा समोरच्याच्या हातातले पिस्तूल ओढून घेण्यासाठी उपयोगी पडतो. हत्यार म्हणून पाहिले तर ते भिकार आहे, आणि नायकाला असे भिकार हत्यार देण्यातच मोठी हुशारी आहे.

कारण हा नायक मार खातो. आपल्याकडच्या त्या काळच्या हिंदी चित्रपटांतला नायक पंधरा जणांना लोळवून केस नीट करीत पुढच्या गाण्याला उभा राहत असे. जोन्सच्या अंगावर मात्र प्रत्येक हाणामारीची खूण उरते. जखम वाहते, सदरा फाटतो, तो लंगडतो, आणि प्रेमाच्या प्रसंगी त्याला कोठे हात लावला तरी दुखते. ‘रेडर्स’मधला ट्रकचा पाठलाग घ्या. तो घोड्यावरून ट्रकवर उडी मारतो, चालकाला बाहेर फेकतो, दंडात गोळी लागते, मग त्यालाच समोरच्या काचेतून बाहेर फेकले जाते, तो ट्रकच्या पुढच्या जाळीला लोंबकळतो, जाळी वाकते, तो ट्रकच्या पोटाखालून हातांनी सरकत मागच्या बाजूला जातो, आसूड अडकवून रस्त्यावरून फरफटत ओढला जातो आणि पुन्हा मागून चढून पुढे येतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तो कोठे आहे, ट्रकचे तोंड कोणत्या दिशेला आहे, पुढे कोणती गाडी आहे आणि मागे कोणती, याबद्दल प्रेक्षकाचा एका क्षणासाठीही गोंधळ होत नाही. आजचे कित्येक साहसपट पाहताना कोण कोणाला मारतो आहे हेच कळत नाही. सेकंदाला दोन दृश्ये बदलतात आणि त्यालाच वेग म्हणतात. ट्रकच्या त्या पाठलागाचे बरेचसे चित्रीकरण दुसऱ्या तुकडीचे दिग्दर्शक मायकेल मूर यांनी केले होते, आणि ट्रकखालून जाण्याचे काम टेरी लेनर्ड या साहसवीराने केले. त्यासाठी ट्रक उंच करून घेतला होता आणि रस्त्याच्या मधोमध चर खणला होता. फरफटत जाण्याच्या काही दृश्यांत फोर्ड स्वतः होते. चर खणलेला असला तरी ट्रक खरा होता, धूळ खरी होती आणि माणूस खरा होता.

ही खरेपणाची बाब मालिकेच्या आयुर्मानाशी थेट जोडलेली आहे. तो गोल दगड फायबरग्लासचा होता, पण तो खरोखर घरंगळत होता आणि फोर्ड खरोखर त्याच्यापुढे पळत होते. सापांच्या तळघरासाठी हजारो जिवंत साप आणले होते. फक्त नाग आणि नट यांच्यामध्ये काच उभी केली होती. संगणकाने काढलेले चित्र जुने होते, कारण पाच वर्षांनी त्याहून चांगला संगणक येतो. पळणारा माणूस जुना होत नाही. आवाजाच्या बाबतीत मात्र बिनधास्त लबाडी केलेली आहे, आणि ती मला फार आवडते. ध्वनिसंयोजक बेन बर्ट यांनी दगडाच्या घरंगळण्याचा आवाज खडीच्या उतारावरून होंडा सिव्हिक गाडी सोडून मिळवला, आणि सापांच्या वळवळण्याचा आवाज चीज घातलेल्या मऊ पदार्थात बोटे फिरवून. डोळ्यांना खरे आणि कानांना त्याहून खरे वाटेल असे खोटे, अशी ही वाटणी आहे.

नायकाच्या फजितीकडे पुन्हा वळू. त्या रात्री व्हिडिओवाल्याला एक दृश्य तीन वेळा मागे नेऊन दाखवावे लागले. कैरोच्या बाजारात काळ्या पोशाखातला एक धिप्पाड तलवारबाज गर्दी बाजूला सारून पुढे येतो, तलवार या हातातून त्या हातात खेळवतो, मोठ्याने हसतो. जोन्स दमलेल्या चेहऱ्याने त्याच्याकडे पाहतो, पिस्तूल काढतो, एक गोळी झाडतो आणि पाठ फिरवतो. मुळात तेथे आसूड विरुद्ध तलवार अशी लांबलचक लढत व्हायची होती. परंतु ट्युनिशियात चित्रीकरण चालू असताना फोर्ड यांना हगवण लागलेली होती, फार वेळ उभे राहणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी हे आटोपशीर घ्यावे असे सुचवले. पटांगणाला हगवणीची काहीच माहिती नव्हती, पण नायकाच्या चेहऱ्यावरचा खरा कंटाळा मात्र ओळखू आला. पेरणीच्या दिवसांत पाहुणा वाद घालायला आला तर शेतकऱ्याचा चेहरा असाच होतो. पुढच्या चित्रपटात दोन तलवारबाज येतात, जोन्स आत्मविश्वासाने हसत कमरेकडे हात नेतो आणि तेथे पिस्तूलच नसते. प्रेक्षकाला जे आठवते त्याच्याशीही हे चित्रपट असे खेळतात.

चाहत्यांमध्ये एक गमतीचा वाद नेहमी चालतो: ‘रेडर्स’मध्ये जोन्स नसता तर काय फरक पडला असता? शेवटी नाझी पेटी उघडतात आणि तिच्यातल्या दैवी शक्तीने जळून मरतात. नायक त्या वेळी खांबाला बांधलेला, डोळे मिटून उभा असतो. मूर्ती त्याच्या हातून गेली, पेटी दोनदा गेली, आणि अखेरीस अमेरिकी सरकारने ती एका अवाढव्य गोदामात लाकडी खोक्यात बंद करून टाकली. काही जण हा कथेचा दोष मानतात. मला तो कथेचा कणा वाटतो. सगळा जोर लावायचा, अंग मोडून घ्यायचे, आणि शेवटचा निकाल आपल्या हातात नसलेल्या शक्तीने लावायचा, ही गोष्ट पावसाच्या भरवशावर कापूस लावणाऱ्या मुलखाला समजावून सांगावी लागत नाही. १९८९च्या ‘लास्ट क्रुसेड’मध्ये हीच गोष्ट अधिक शांतपणे येते. तेथे ख्रिस्ताचा पेला शोधायचा असतो. लोभी माणूस रत्नजडित सोन्याचा पेला उचलतो आणि मरतो, जोन्स सुताराला शोभेल असा साधा पेला निवडतो, आणि तोही त्याला घरी नेता येत नाही. याच चित्रपटात शॉन कॉनरी यांनी त्याच्या बापाची भूमिका केली आहे. दोघांच्या वयात अवघ्या बारा वर्षांचे अंतर होते, पण बाप मुलाला ‘ज्युनिअर’ म्हणून हाक मारतो तेव्हा साहसवीराचे क्षणात पोर होते, आणि वयाचा हिशेब करायचे सुचत नाही.

आता १९८४च्या ‘टेम्पल ऑफ डूम’विषयी, कारण तो आपल्या देशात घडतो आणि त्यावर बोलणे टाळले तर हा लेख खोटा ठरेल. पुढच्या वर्षीच्या पोळ्याला आम्ही मुद्दाम हाच चित्रपट मागवला. भारतातल्या एका दुष्काळी खेड्यातून पवित्र दगड चोरीला गेला आहे, गावातली मुले पळवून नेली आहेत, आणि राजवाड्याखालच्या गुहेत ठगांचा पंथ कालीपुढे नरबळी देतो, अशी कथा. पंथाचा प्रमुख मोलाराम म्हणून मुंडण केलेले अमरीश पुरी पडद्यावर आले मात्र, पटांगणात “मोगँबो, मोगँबो!” असा एकच गलका झाला, ‘मिस्टर इंडिया’ येऊन फार दिवस झालेले नव्हते. पण इतर वेळी लोक गप्प होते. मेजवानीत साप, किडे आणि माकडाचा मेंदू वाढला जातो, तेव्हा हसावे की उठून जावे हे कोणाला कळेना. भारत सरकारने पटकथेवर आक्षेप घेऊन चित्रीकरणाला परवानगी नाकारली होती, त्यामुळे ते श्रीलंकेत कँडीजवळ झाले, आणि भारतात या चित्रपटावर काही काळ बंदीही होती. खेड्यातले लोक जी भाषा बोलतात ती सिंहली आहे. आमच्या गावात मात्र ती तेलुगू असावी असे ठरले, कारण न कळणारी भाषा म्हणजे तेलुगू, असा यवतमाळकडे साधा नियम आहे.

हा चित्रपट भारताविषयी अज्ञानाने भरलेला आहे आणि तसे स्पष्ट म्हणण्यात मला संकोच वाटत नाही. तरीही तो विसरला जात नाही, कारण हिशेबाची पद्धत त्यातही शाबूत आहे: खोल दरीवरचा दोरांचा पूल, दोन्ही टोकांना शत्रू, मध्ये नायक, आणि त्याच्या हातात तलवार. तो पूल तोडणार हे त्याच्या सोबत्यांनी हाताला दोर गुंडाळून घेतला तेव्हाच आमच्या लोकांना कळले. पूल खरा बांधलेला होता आणि खराच तोडला. शिवाय एक विसंगती मला नेहमी जाणवते. ज्या चित्रपटाने आपल्या खेड्याला सर्वांत वाईट रंगवले, त्यातच गावाची वस्तू नायक गावाला परत देतो. एरवी ‘ही वस्तू संग्रहालयात हवी’ हे त्याचे पालुपद असते, पण कोणाच्या संग्रहालयात, हे तो सांगत नाही.

संग्रहालयावरून पुरातत्त्वाकडे येतो, कारण या चित्रपटांनी पुष्कळ मुलांना त्या विषयाची गोडी लावली आणि पुष्कळांची दिशाभूलही केली. ‘लास्ट क्रुसेड’मध्ये प्राध्यापक जोन्स वर्गात सांगतात की सत्तर टक्के पुरातत्त्व ग्रंथालयात होते आणि नकाशावरच्या फुलीखाली खजिना कधीच नसतो, पुढे व्हेनिसच्या ग्रंथालयात नेमकी जमिनीवर फुली निघते, आणि तीही ग्रंथालयातच. विनोद सोडला तर पहिल्या वाक्यात पुष्कळ तथ्य आहे. आमच्या विदर्भात वैनगंगेकाठी पवनीला १९६९-७०मध्ये उत्खनन होऊन बौद्ध स्तूप उजेडात आले, रामटेकजवळ मनसरला वाकाटककालीन अवशेष निघाले, नागपूरच्या आसपास जुनापाणी आणि माहुरझरी येथे लोहयुगातली शिळावर्तुळे आहेत. यांतल्या कोणत्याही ठिकाणी कोणी मूर्ती उचलून पळाले नाही. माती थरांथरांनी खरवडली जाते, कारण वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडली यावरूनच तिचा काळ आणि उपयोग ठरतो. जागेवरून उपटलेली मूर्ती म्हणजे पत्ता फाडून टाकलेले पाकीट. त्या दृष्टीने जोन्स पुरातत्त्वज्ञ नसून आमच्या भाषेत गुप्तधनवाला आहे. आमच्याकडे हंडे शोधायला अमावस्येला खड्डे खणणारे कमी नव्हते. निखात निधीचा १८७८चा कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, आणि त्या नावाखाली होणाऱ्या अघोरी प्रकारांसाठी महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, शाळेच्या सहलीतून गेलो तेव्हा मी काचेमागच्या भांड्यांखाली सापळ्याची कळ शोधत होतो, हे कबूल करतो.

शेवटच्या दोन चित्रपटांवर थोडक्यात बोलणे पुरे आहे. २००८च्या ‘किंगडम ऑफ द क्रिस्टल स्कल’मध्ये अणुस्फोटातून नायक फ्रिजमध्ये बसून वाचतो, आणि चाहते तेव्हापासून नाराज आहेत. अशक्य गोष्टी या मालिकेत आधीही होत्याच. दुसऱ्या चित्रपटात रबरी नावेतून विमानाबाहेर उडी मारली जाते. मग फ्रिजच का खटकला? माझ्या समजुतीप्रमाणे तेथे हिशेब करायला काही उरत नाही. नाव बर्फावरून घसरते, उतार दिसतो, कडा दिसतो, आपण वजन आणि वेग मनातल्या मनात जोखतो. अणुस्फोटाला कोणते माप लावणार? जंगलातल्या पाठलागातही संगणकाची झाडे आणि संगणकाची माकडे आली, आणि अंगाला लागणारी धूळ गेली. २०२३च्या ‘डायल ऑफ डेस्टिनी’च्या वेळी फोर्ड ऐंशीचे होते. सुरुवातीला त्यांचा चेहरा संगणकाने तरुण केला आहे आणि तो जवळजवळ बिनचूक आहे, पण मला त्यापेक्षा नंतरचा उघडा, सुरकुतलेला, सकाळी शेजाऱ्यांच्या गाण्यांनी वैतागलेला म्हातारा अधिक जवळचा वाटला. चित्रपटाने अपेक्षेइतकी कमाई केली नाही.

तो चित्रपट मी आत्याबरोबर गावी, मोबाइलवर, हिंदीत पाहिला. पोळ्याच्या त्या रात्री आत्या पटांगणात होती, आणि आजोबांची आरोळी तिला अजून आठवते. चित्रपटाच्या अगदी शेवटी घराबाहेर कपडे वाळत घालायच्या दोरीवर जोन्सची हॅट अडकवलेली दिसते, आणि एक हात येऊन ती झटक्यात ओढून घेतो. मला ते दृश्य फार आवडले, हे मी आत्याला सांगू लागलो. तिने चष्मा काढून विचारले, “टोपीले चिमटा लावला होता काय? नाही त वाऱ्यानं उडाली असती.” माझे तिकडे लक्ष गेले नव्हते, असे मी म्हणालो.

“मंग काय पायलं तू?” ती म्हणाली, आणि मला तो भाग मागे न्यायला लावला.